लेकांची सेवा

अर्जमामा स्वतः काही डॉक्टर नव्हता, पण शहरातले निम्मे डॉक्टर आपण घडवलेत असं तो कुणालाही, न विचारता, सांगायचा. आणि त्यातली गंमत अशी की ते अगदीच खोटं नव्हतं.

जुन्या टपाल कचेरीसमोर त्याचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक लांबट खोली. दारात झेरॉक्सचं मशीन, त्यामागे संगणक, संगणकामागे मामा आणि मामाच्या मागे भिंतीला खिळ्यांवर ताणलेली एक पांढरी चादर. पासपोर्ट फोटोला मागे पांढरं लागतं म्हणून ती त्याने बहिणीकडून आणली होती. बहीण मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला, तिथली ही बाद झालेली चादर. कोपऱ्यात निळ्या शाईत वॉर्डाचा नंबर होता. तो फोटोत येऊ नये म्हणून गिऱ्हाइकाला जरा डावीकडे कलून बसावं लागे. शहरातले कितीतरी डॉक्टर आपल्या पहिल्या फोटोत एका अंगाला कललेले दिसतात, ते त्यामुळे.

सगळे त्याला मामा म्हणत, पण सख्खी भाची एकच. ती बारीक अंगाची आणि बोलायला टोकदार, म्हणून मामानेच तिचं नाव टाचणी पाडलेलं. तिच्या बापाने संसारातून कधीच अंग काढून घेतलं होतं, त्यामुळे घर म्हणजे आई, टाचणी, मामा आणि आबा. आबा म्हणजे मामाचे वडील, ऐंशीच्या घरातले. ते रोज सकाळी दुकानात येत, चादरीशेजारच्या खुर्चीत बसत आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांची तोंडं बघत.

दाखले, परवाने, भाडेकरार हे मामाचं बारमाही काम. खरा हंगाम मेडिकल कॉलेजच्या अर्जांचा. पोर्टलचे नियम मामाला झोपेतून उठवलं तरी तोंडपाठ असत. फोटो पन्नास केबीच्या आत, सही वीस केबीच्या आत आणि शेवटी निवेदन आठशे शब्दांच्या आत. विषय दरसाल तोच: 'मला डॉक्टर का व्हायचे आहे? स्वतःच्या शब्दांत लिहा.' जी मुलं परीक्षेत भाराभर मार्क आणत, हृदयाच्या कप्प्यांची चित्रं डोळे मिटून काढत, त्यांची या 'स्वतःच्या शब्दांत'पाशी दातखीळ बसायची. मग ती आईबापांना घेऊन मामाकडे यायची. मामाकडे स्वतःचे शब्द तयार मिळत.

एकूण नऊ नमुने होते. नंबर एक: आजोबा आजारी पडले, दवाखाना लांब होता, डॉक्टर वेळेवर आले नाहीत, आजोबा नातवाच्या मांडीवर गेले. नंबर दोन: डॉक्टर वेळेवर आले, पण औषधच निघालेलं नव्हतं, हा नमुना ज्यांना संशोधन करायचंय म्हणून सांगायचं असे त्यांच्यासाठी. नंबर तीनमध्ये आजोबा वाचत, पण ते फारसं खपत नसे. पुढच्या नमुन्यांत अपघात होते, पूर होता, एकात तर जखमी कबुतरही होतं. पण मागणी एक नंबरला. पालक बाकावर बसता बसताच म्हणत, "मामा, आजोबांवालंच द्या. ते लागतं म्हणतात."

मामा लिहिताना समोर काहीतरी असावं म्हणून आबांकडे बघून लिहायचा. त्यांची पांढरी दाढी, थरथरणारा हात, कपाळावरची शीर, सगळं जसंच्या तसं नमुन्यात उतरलेलं. आबांनाही ते ठाऊक होतं. गिऱ्हाईक उठून गेलं की ते चष्मा पुसत विचारायचे, "आज कशाने?"

"आज फुप्फुसं, आबा."

"बरं झालं. काल हृदय होतं, परवा हृदय होतं. कंटाळा आला होता."

आता तुम्ही म्हणाल, माणसाला लाज कशी वाटत नाही. तर त्यालाही कारण होतं. मामाने आयुष्यात एकच अर्ज खरा लिहिला होता, तोही स्वतःचा, समोरच्या टपाल कचेरीत कारकून व्हायचा. 'आपल्याला ही नोकरी का हवी?' या रकान्यात त्याने लिहिलं, 'घरात कमावणारं कुणी नाही.' नोकरी मिळाली दुसऱ्याच एकाला. त्याने लिहिलं होतं की त्याला लहानपणापासून पत्रांचं वेड आहे, पाकिटावरचा शिक्का बघितला की अंगावर रोमांच उभे राहतात. तो रोमांचवाला आज एकवीस वर्षं समोरच्या खिडकीत डुलक्या काढतोय आणि मामा इकडून त्याच्याकडे बघतोय. खरं लिहिणारा बाहेरच राहतो हे मामाने तेव्हा मनात पक्कं केलं, आणि टपाल कचेरीच्या नाकावर टिच्चून तिच्यासमोरच खोटं लिहायचं दुकान टाकलं.

आणि मामा कंजूष. पैशात नाही हो, कागदात. कागदाची एकच बाजू वापरणं त्याला अन्न टाकण्यासारखं वाटायचं. एका बाजूने लिहिलेले, चुकलेले, नको असलेले सगळे कागद प्रिंटरशेजारच्या खोक्यात पडत आणि पावत्या, कच्च्या प्रती, गिऱ्हाइकांचे निरोप, सगळं त्यांच्या पाठीवर छापलं जाई. कुणाच्या वीजजोडणीच्या पावतीमागे कुणाचा घटस्फोट असायचा.

तर यंदा टाचणीचा अर्ज होता. मार्क तिला उत्तम होते, पण उत्तम मार्कांची पोरं जागांच्या कितीतरी पट. कुठल्या खाजगी कॉलेजात पाय ठेवण्याची ऐपत घरात नव्हती. एक कॉलेज, एक अर्ज, एक जागा. ती हुकली तर पोरगी धुलाईखान्यात आईशेजारी उभी राहणार, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. बहीण एवढंच म्हणाली होती, "इतक्या लोकांची पोरं डॉक्टर केलीस. आता आपलीला कर."

टाचणीने अर्ज स्वतः भरला. निवेदनही स्वतःच लिहिलं, हाताने, एका कागदावर, आणि शेवटच्या दिवशी दुपारी मामापुढे ठेवलं. "एवढं टाइप करून चढव. मला दाखला आणायला शाळेत जायचंय."

मामाने कागद वाचला. वाचता वाचता त्याचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं. "हे काय लिहिलंयस?"

"का व्हायचंय ते."

"अगं, धुण्याचं काय लिहितेस? समिती काय लॉन्ड्री काढणार आहे? आणि यात कुणी मेलेलं का नाही?"

"मेलंय. नीट वाच."

"कोण?"

"मला माहीत नाही कोण. तेच तर लिहिलंय." ती दारात वळली. "मामा, एक अक्षर बदलू नकोस."

"नाही गं बाई," मामा म्हणाला. लबाड, दुसरं काय.

पण लबाडी त्याने तिच्या वाईटासाठी केली असं कुणी म्हणू नये. त्याच्या डोळ्यांपुढे ती खिडकी, तो डुलक्या काढणारा कारकून. दुसऱ्यांच्या पोरांना एक नंबरचा माल द्यायचा आणि आपल्या पोरीला चादरींचं धुणं? छे. त्याने कागद प्रिंटरशेजारच्या खोक्यात टाकला आणि नमुना नंबर एक उघडला.

आता इथे एक अडचण होती. नमुना मुलाच्या तोंडी लिहिलेला. मी धावत गेलो, मी रडलो, मी शपथ घेतो. मुलीसाठी ते गेले, रडले, घेते करावं लागे. 'तो'चं 'ते' मामा एकेक शब्द बघून हाताने करायचा, कारण पूर्वी एकदा संगणकाला 'तो काढ, ते घाल' म्हणून सांगितलं, तर एका मुलीच्या अर्जात आजोबांच्या 'तेंडातून' फेस आला होता. तेव्हापासून कानाला खडा. पण त्या दिवशी पोर्टल सकाळपासून अडखळत होतं. पाचला खिडकी बंद होणार, घड्याळात पाचला अकरा मिनिटं, 'तो' संपवून मामा 'लो'वर आला होता आणि कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. 'लो'मध्ये काय वाईट होणार, असं म्हणून त्याने संगणकाला हुकूम सोडला: सगळे 'लो' काढ, 'ले' घाल.

'एकेचाळीस बदल केले,' संगणक म्हणाला.

मामाला बरं वाटलं. इतका रडलाय आणि धावलाय होय आपला मुलगा, असं मनात म्हणत त्याने निवेदन चढवलं, बटण दाबलं आणि पाचला तीन मिनिटं असताना पोर्टलने अर्ज स्वीकारला. मामाने खोक्यातला वरचा कागद उचलून प्रिंटरला घातला आणि त्याच्या पाठीवर पावती छापून घेतली.

"आज कशाने?" आबांनी विचारलं.

"आज घरातलंच गिऱ्हाईक आहे, आबा. झकास मारलंय तुम्हाला."

संध्याकाळी टाचणी आली. मामाने पावती आधीच पाठीशी पुठ्ठा देऊन प्लास्टिकच्या पाकिटात घालून कडेने चिकटपट्टी लावून ठेवली होती. हीसुद्धा त्याची पद्धत. पोरांच्या घामट हातांनी पावत्या फाटतात. "ही जपून ठेव. हिच्याशिवाय आत घेत नाहीत," म्हणाला. तिने जपून ठेवली.

तीन आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. मूळ कागदपत्रं, पावती आणि पालक घेऊन हजर राहावे. धुलाईखान्यात दोघीजणी आजारी, बहिणीला सुट्टी मिळेना. म्हणून मामा निघाला, आणि मामाबरोबर, ठेवणीतला कोट घालून, आबा निघाले.

"आबा, तुम्ही कशाला? जिने आहेत तिथे."

"इतकी वर्षं त्या ठिकाणी मरतोय. एकदा जागा तरी बघू दे."

मामाने दहा सबबी सांगितल्या. आबांनी छत्री उचलली आणि बसथांब्याकडे चालू लागले. बसमध्ये आबा खिडकीशी बसले, टाचणी आणि मामा पुढच्या बाकावर. पाचव्या थांब्याला मामाला राहवेना. तो तिच्या कानाशी झुकून म्हणाला, "हे बघ, आत विचारलं तर आबा गेले म्हणायचं."

टाचणीने मागे वळून बघितलं. आबा खिडकीबाहेर बघत बदाम चघळत होते. "कुठे गेले?"

"म्हणजे वारले. गेल्या उन्हाळ्यात. तुझ्या मांडीवर."

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. असं बघणं तिला आईकडून आलेलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तू एक नंबर टाकलास."

"तुझ्या भल्यासाठी गं. सगळे तेच..."

"माझा कागद कुठाय?"

"असेल दुकानात."

तिने पाकीट छातीशी धरलं आणि उरलेला रस्ता समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत बसली. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मामाला परवडलं असतं.

कॉलेजच्या गॅलरीत बाकं होती आणि बाकांवर कललेल्या फोटोंची पोरं. अर्ध्यांना मामा ओळखत होता. टाचणीला आत बोलावलं. दार लागलं. मामाने वेळ जावा म्हणून अर्जाची प्रत पिशवीतून काढली, तसे आबा म्हणाले, "वाच जरा. मीही ऐकतो कसा गेलो ते."

मामा हलक्या आवाजात वाचू लागला. "'माझे आजोबा लेखंडी खाटेवर...'" तो थांबला. पुन्हा बघितलं. लेखंडीच होतं. तो भराभर पुढे गेला. दवाखाना घरापासून अकरा किलेमीटर. गल्लीतले सगळे लेक धावून आले. मग शेवटचा परिच्छेद, ज्यावर मामाचा सगळ्यात जास्त जीव, ज्याने आजवर कितीतरी परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं.

'लहानपणापासून मला गोरगरीब लेकांचा कळवळा आहे. या लेकांना कुणी वाली नाही. लेकांची सेवा हेच माझे ध्येय. या लेकांसाठी मी रात्रंदिवस झटेन.'

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. आबांनी प्रत ओढून घेतली, नाकाजवळ धरली आणि वाचली. त्यांचे खांदे हलायला लागले. "लेका," ते डोळे पुसत म्हणाले, "मी मेलो ते ठीक, पण वर शिव्याही द्यायला लावल्यास पोरीला."

तेवढ्यात दार उघडून शिपायाने पुकारलं, "पालक आत या."

मामाचे पाय बाकाला चिकटले. आबा उठले, कोटाची बटणं लावली आणि आत गेले. मग मामालाही जावंच लागलं.

आत लांब टेबलामागे तिघं. मधोमध अध्यक्षबाई, केस पिकलेल्या, नुकत्याच शस्त्रक्रियेतून आल्यासारख्या बाह्या वर सारलेल्या. एका बाजूला बारीक मिशीचे एक डॉक्टर, ते चष्मा काढून रुमालाने डोळे टिपत होते आणि ते टिपणं रडण्यातलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला कॉलेजचा कारकून. टाचणी समोरच्या खुर्चीत ताठ बसलेली, कान लाल.

"आपण कोण?" अध्यक्षबाईंनी आबांना विचारलं.

"मी हिचा आजोबा."

बाईंनी हातातल्या कागदाकडे बघितलं, आबांकडे बघितलं. मग वाट मोकळी करून द्यावी तशा म्हणाल्या, "म्हणजे आईकडचे. वारले ते वडिलांकडचे."

हो म्हणायला मामाने तोंड उघडलं होतं. पण टाचणी आधी बोलली. "नाही. वारले ते हेच."

मिशीवाल्या डॉक्टरांनी पुन्हा रुमाल काढला.

"बसा, आजोबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आम्ही तुम्हाला चांगले ओळखतो. पांढरी दाढी, थरथरता हात, कपाळावर शीर. यंदा चौदा वेळा वारलात. उठून आलात मात्र पहिल्यांदाच." मग त्या टाचणीकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "हे तू लिहिलंस?"

"नाही."

"खोटं निवेदन म्हणजे अर्ज रद्द. नियम ठाऊक आहे ना?"

"आहे."

मामा मध्ये पडला. चूक माझी, म्हणाला, पोरीला माहीतही नव्हतं, मी मामा, मी लिहिलं, मला काय करायचं ते करा. आजवर दुसऱ्यांच्या तोंडी घालून त्याने हजारदा रडवलं होतं, पण आता स्वतःच्या तोंडून शब्द फुटताना ते एकात एक अडकत होते. अध्यक्षबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. "मामा, अर्ज तिचा आहे." आणि कारकुनाला म्हणाल्या, "पावती घ्या, मागे शेरा लिहा, मी सही करते."

म्हणजे संपलंच. मामाला समोर धुलाईखाना दिसला, वाफ दिसली, बहिणीचे पाण्याने सुरकुतलेले हात दिसले आणि त्यांच्याशेजारी आणखी दोन हात. आपणच ते तिथे नेऊन ठेवले, आपल्या या हातांनी, हे त्याला स्वच्छ कळलं.

कारकुनाने चिकटपट्टी सोलली, पावती काढून उलटी केली आणि पेन हवेतच धरून म्हणाला, "मॅडम, मागे जागा नाही. भरून लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

त्याने कागद सरकवला. टाचणीने मान उंचावून बघितलं आणि तिचा चेहराच पालटला. अक्षर तिचं होतं. ती इतके दिवस तो कागद जपून ठेवत होती आणि तिला पत्ता नव्हता.

अध्यक्षबाई आधी मनात वाचायला लागल्या. मग शेजारच्या डॉक्टरांनाही ऐकू जावं म्हणून मोठ्याने.

'माझी आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करते. शाळा सुटल्यावर मी तिथे घड्या घालायला जाते. चादर बघून वॉर्ड ओळखता येतो. भाजलेल्यांच्या चादरीला मलम असतं. लहान मुलांच्या चादरी सगळ्यात कमी चुरगळलेल्या असतात, कारण फार आजारी मूल कूस बदलत नाही. एकदा एकाच खाटेची चादर एका दिवसात चार वेळा खाली आली. पाचव्यांदा आली नाही. मी वर जाऊन विचारलं. मला कुणी काही सांगितलं नाही, तू धुलाईची ना, खाली जा म्हणाले. वर काय झालं होतं ते मला अजून माहीत नाही. मला सेवेचं वगैरे नीट माहीत नाही. मला वर काय होतं ते कळायला हवं आहे आणि खालून कुणी विचारायला आलं तर मला ते सांगता यायला हवं आहे.'

मिशीवाल्या डॉक्टरांचा रुमाल खिशात गेला होता. अध्यक्षबाईंनी कागद खाली ठेवला आणि एकदम विचारलं, "रक्ताचा डाग गरम पाण्यात का घालत नाहीत?"

"शिजतो," टाचणी म्हणाली. "मग धाग्याला धरून बसतो. आधी थंड पाणी. आईने एवढंच सांगितलं होतं. का शिजतो ते मी पुस्तकात शोधलं. रक्तातली प्रथिनं गोठतात, अंड्यासारखी."

मग प्रश्नांमागून प्रश्न सुरू झाले. हे कसं, ते का, असं झालं तर काय करशील. दोनदा ती माहीत नाही म्हणाली, आणि माहीत नाही म्हणताना खाली बघितलं नाही. मामाला त्यातलं काही कळलं नाही. शेवटी अध्यक्षबाई कारकुनाला म्हणाल्या, "शेरा राहू द्या. उमेदवाराचे निवेदन पावतीसोबत प्राप्त, असं नोंदवा." आणि मामाकडे बघून म्हणाल्या, "कागद वाचवता, तेवढं एक बरं करता."

आठवड्याने यादी लागली. टाचणीचं नाव यादीत होतं. बहिणीने यादी तीनदा वाचली, मग पदराने तोंड झाकून तिथेच पायरीवर बसली. आबा म्हणाले, मेल्याचं सार्थक झालं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मामा म्हणजे मामा. महिनाभर तो खाली मान घालून वावरला, भाचीसाठी जुनं सूक्ष्मदर्शक शोधून आणलं, देवाशप्पथ नमुने जाळीन म्हणाला. दुसऱ्या महिन्यात मान वर आली. तिसऱ्यात तो गिऱ्हाइकांना सांगू लागला की पावती त्या कागदावर छापायची हे त्याने मुद्दामच केलं होतं. आणि पुढचा हंगाम उघडला तेव्हा संगणकात नमुना नंबर दहा तयार होता. नाव दिलं होतं 'चादर'.

तो आजोबांपेक्षा जोरात चालला. पहिल्याच आठवड्यात शहरातल्या नऊ आया धुलाईखान्यात कामाला लागल्या. आबा आपल्या खुर्चीत रिकामे बसून असत. कुणी त्यांच्याकडे बघून लिहीत नव्हतं.

अशातच एका दुपारी बहीण आबांचा डबा घेऊन दुकानात आली. मामा कामात होता. समोर एक बाई बसलेल्या, अंगाला मंद सुगंध, नखांना रंग, शेजारी मोबाइलमध्ये डोकं खुपसलेला मुलगा. बहीण डबा ठेवून आबांजवळ उभी राहिली.

"दहा नंबरच द्या," त्या बाई म्हणत होत्या. "फक्त ह्यांचं चार मजली दुकान आहे. ते अर्जात दुसरीकडे येतं. चालेल ना?"

"चालतं हो," मामा टाइप करत म्हणाला. "वडील वेगळे, आई वेगळी. 'माझी आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करते.' झालं. 'पाचव्यांदा आली नाही' हे ठेवू ना? तिथे समितीला भरून येतं."

"ठेवा, ठेवा."

बहीण पुढे आली. तिने हात पुसले आणि अगदी साध्या आवाजात त्या बाईंना विचारलं, "तुम्ही कुठल्या पाळीला असता?"

"म्हणजे?"

"धुलाईखान्यात. मी सकाळच्या. कधी दिसला नाहीत."

बाईंनी मामाकडे बघितलं. मामाची बोटं टाइप करता करता थांबली होती. बहिणीचे हात टेबलाच्या कडेवर होते, पांढरे पडलेले, बोटांच्या पेरांना चिरा. तिच्या मागे ती चादर. तिचा नंबर बहिणीला पाठ होता आणि मामाने तो वॉर्ड कुठला हे आजवर कधी विचारलं नव्हतं. त्याला लाज वाटली. समितीपुढे वाटली होती ती पकडलं गेल्याची होती. ही वेगळी होती, आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

त्याने दहा नंबर पुसला. गिऱ्हाईक समोर बसलं होतं, मुलाला डॉक्टर व्हायचं होतं आणि पाचला खिडकी बंद होणार होती. तो पडद्याकडे बघतच हळू आवाजात म्हणाला, "ताई, मग काय लिहू?"

बहिणीने डब्याचं झाकण उघडलं आणि आबांच्या मांडीवर रुमाल पसरला.

"आबांनाच मार," ती म्हणाली. "त्यांना सवय आहे."

आबांनी घास हातात घेतला, खुर्चीत जरा सरसावून बसले, दाढी नीट केली आणि मामाकडे बघून विचारलं, "आज कशाने?"